टिबुकलीसाठी लेन्स

चष्म्याच्या धंद्यात मी छत्तीस वर्षं काढली. काचा घासल्या, फ्रेमी वाकवल्या, सरळ केल्या, आणि हजारो माणसांना खुर्चीवर बसवून एकच प्रश्न विचारला, "आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं?" एवढं केल्यावर काचेच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये, असं मला वाटायचं. दुकान लेकीच्या हाती सोपवलं, घरी बसलो आणि महिन्याभरात कॅमेरा घेतला, तेव्हाही वाटतच होतं.

कॅमेरा कशासाठी घेतला ते कोणाला सांगितलं नव्हतं. इथे सांगतो.

आमच्या वस्तीमागे पाणीपुरवठ्याचं एक जुनं तळं आहे. बायको तिथे रोज सकाळी पक्षी बघायला जाते. पंधरा वर्षांपूर्वी एकदा ती तिथून थेट दुकानात आली. गळ्यात दुर्बीण, बुटांना चिखल. बाकावर बेकरीवाला, एक शाळामास्तर आणि आणखी दोघं आपापल्या नंबराची वाट बघत होते. ती म्हणाली, "अहो, टिबुकलीच्या पाठीवर पिल्लं बसली होती. पंखांत शिरून. आणि ती तशीच पोहत होती." टिबुकली म्हणजे बदकाहून कितीतरी लहान, मुठीत मावेल असं वाटणारं, सारखं बुड्या मारणारं पाखरू. मी हातातल्या फ्रेमवरून नजरसुद्धा न उचलता म्हणालो, "बस खुर्चीवर. नंबर तपासून घे."

अख्खा बाक हसला. बेकरीवाला तर इतका हसला की त्याला ठसका लागला. तीही थोडी हसली आणि घरी गेली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाची मला सवय आहे. पण त्या दिवसापासून तिनं मला एकाही पक्ष्याबद्दल काही सांगितलं नाही. लेकीचा अभ्यास, गळका नळ, शेजाऱ्यांचा कुत्रा, सगळ्यावर बोलायची, पक्षी सोडून. हे माझ्या लक्षात यायलाच दोनतीन वर्षं लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि लक्षात आल्यावर माफी तरी कशी मागायची? त्यासाठी आधी ती गोष्ट पुन्हा काढायला हवी, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

घरी बसल्यावर कपाट आवरताना तिच्या वह्या हाताला लागल्या. दर वर्षी एका पानावर तारखेसमोर लिहिलेलं होतं, "टिबुकली. पाठीवर पिल्लं." कधी दोन, कधी तीन. जेमतेम आठवडाभराच्या नोंदी, मग पिल्लं मोठी होऊन आपली आपण पोहायची. मी एक पक्ष्यांचं पुस्तक आणून बघितलं. त्यातही तेच होतं. पंधरा वर्षं ती ते बघत होती, आणि एकटीच बघत होती. मला फार वाईट वाटलं. या वर्षी त्या पिल्लांचा फोटो काढायचा आणि ज्या दुकानात तिला खोटं पाडलं तिथेच तो लावायचा, असं मी त्याच दिवशी ठरवलं. वहीतल्या तारखा बघता हातात तीन आठवडे होते.

कॅमेऱ्याचं दुकान चालवणारी मुलगी माझं जुनं गिऱ्हाईक. आठ वर्षांची असताना तिला पहिला चष्मा मी दिला. जाड काचांमुळे शाळेत पोरं तिला सोडावॉटर म्हणायची, म्हणून मी मुद्दाम पातळ काच मागवून दिली होती. आता ती स्वतःच हसत स्वतःला सोडावॉटर म्हणवते.

"काका, तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे," ती म्हणाली. "मोठ्या फोटोच्या चारही कडा कापून मधला तुकडा हातात दिला, असं समजा. त्यामुळे कुठलीही लेन्स दीडपट जवळ आणल्यासारखी वाटते. आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. ही शंभर ते चारशेची झूम घ्या. शेवटाला ती सहाशेसारखी वागेल. वजनाला हलकी आहे. नवशिक्याला एवढी पुष्कळ झाली."

झूम म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. दूरचं, मधलं, जवळचं सगळं एकाच काचेत कोंबलेला चष्मा मी आयुष्यभर लोकांना घेऊ दिला नाही. वाचायचा वेगळा, लांबचा वेगळा, हा माझा बाणा. "एक ना धड भाराभर चिंध्या," मी म्हणालो. "मला एकच काम करणारी काच दे. सगळ्यात लांबचं दाखवणारी."

"मग निदान भाड्यानं न्या. चार दिवस वापरून बघा."

"चष्मा कोणी भाड्यानं नेतं का?"

तिनं आतून एक जुनी सहाशेची लेन्स आणली. कॅमेऱ्याला लावली तेव्हा कॅमेरा त्या लेन्सच्या शेपटीला चिकटून राहिल्यासारखा दिसत होता.

"नाकापेक्षा मोती जड होतोय, काका."

"नाक माझं आहे," मी म्हणालो आणि घेऊन आलो.

बायकोला म्हटलं, उद्यापासून मीही येतो. तिनं एकदा त्या पिशवीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "पांढरा शर्ट घालू नका," एवढंच म्हणाली.

तळ्याकाठी तिची जागा ठरलेली आहे. बंधाऱ्याच्या उतारावर, पाणकणसांच्या उंच गवताशेजारी, सिमेंटचा एक मोडका खांब आडवा पडलाय त्यावर. ती तिथे बसते आणि हलत नाही. मी तिच्यामागे तिपाई मांडायचो, लेन्स चढवायचो, आणि तेवढ्यात माझी पाठ धरायची. टिबुकली इथे बुडते आणि कुठेतरी तिकडेच निघते. बायको नुसतं बोट दाखवायची. मी तो तोफखाना वळवून बघेपर्यंत तिथे नुसत्या लाटा असायच्या. सहाशेची लेन्स, वर तो लहान सेन्सर. किल्लीच्या भोकातून बाजार शोधायचा तसला प्रकार. दोन आठवड्यांत मी पाण्याचे दोनशे फोटो काढले, आणि पाणी सगळ्यांत छान आलं होतं.

तरी मजा येत होती, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी दोघांनी मिळून बाहेर पडायचं, थर्मासातला चहा एकाच झाकणातून प्यायचा. छत्तीस वर्षं दुकान उघडायच्या घाईत मी सकाळ अशी बघितलीच नव्हती. ती बोलत नव्हती, पण शेजारी बसू देत होती.

एके दिवशी तिनं माझ्या गुडघ्याला हळूच हात लावला. वहीतली तारीख दोन दिवसांवर होती, म्हणजे पिल्लं या वर्षी लवकर आली होती. टिबुकली पाणकणसांतून निघून सरळ आमच्या दिशेनं येत होती. पंधरा वर्षं एकाच जागी बसणाऱ्या बाईला ती कशाला घाबरेल? पाचसहा पावलांवर येऊन थांबली. मी लेन्समध्ये डोकं घातलं. समोर नुसतं तपकिरी धुकं. लेन्स घुर्र घुर्र करत पुढेमागे होत होती, पण एवढ्या जवळचं तिला दिसतच नव्हतं. ती लांबच्यासाठी घडवलेली काच. मीच निवडून आणलेली. पाखरू जरा मागे सरकलं तशी मी धडाधड बटणं दाबली. मग ते पाणकणसांत गेलं.

घरी येऊन फोटो बघितले. एकात एक डोळा. एकात चोच. एकात पिसं, जुन्या घोंगडीसारखी. पाठ एकातही नव्हती.

"तुम्ही बघितलीत ना पिल्लं?" बायकोनं विचारलं.

आणि तेव्हा मला कळलं की मी बघितलीच नव्हती. मी सगळा वेळ काचेत होतो. डोकं बाहेर काढलं असतं तर साध्या डोळ्यांनी दिसली असती.

"अहो, ती इतकी जवळ आली होती," ती म्हणाली, "आणि तुम्ही लांबचं काय बघत बसलात?"

पंधरा वर्षांत पक्ष्यांबद्दल ती माझ्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. मी लाजलो, आणि खूशही झालो.

त्याच दुपारी लेन्स काखोटीला मारून सोडावॉटरकडे गेलो. सगळं सांगितलं, पिल्लांचं आणि बायकोचंसुद्धा. हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. तिनं दुकानाच्या दारात एक स्टूल ठेवलं आणि मला बसवलं. समोरच्या खांबावर कबुतर होतं, खाली भिंतीवर मांजर झोपलेलं. एक लेन्स लावून कॅमेरा हातात दिला. मग ती काढून दुसरी दिली.

"आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं?"

माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मी निमूट उत्तरं दिली. आधी सहाशेची. कबुतराची मान दिसली, मांजर तर सापडलंच नाही. मग तीनशेची एक साधी. मग ती शंभर ते चारशेची. लेन्सवरचं कडं मागे फिरवलं की अख्खा खांब दिसायचा, कबुतर शोधायचं, मग कडं पुढे फिरवत त्याच्या जवळ जायचं. तेच कडं परत मागे आणलं की भिंत, भिंतीवर मांजर, मांजराच्या मिश्या. हातात धरून, तिपाईशिवाय.

"ही बरी," मी म्हणालो.

"लहान सेन्सरचा फायदाच हा आहे, काका. हलकी लेन्स पुरते. तुम्ही तो फायदा घेतलात आणि वर मोठी लेन्सही घेतलीत." मग म्हणाली, "मला लहानपणी काय सांगायचात? लागतो तेवढाच नंबर घ्यावा, वर अर्धासुद्धा नाही."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी लेन्स बदलून घेतली.

पुढचे दोन दिवस वारा होता, टिबुकली पाणकणसांतून बाहेरच आली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिपाई घरीच ठेवली आणि खांबावर बायकोच्या शेजारी, तिच्याइतकंच खाली बसलो. ती कुजबुजत होती. "बुडाली. थांबा. डावीकडे निघेल, त्या काटकीपाशी." मी कडं पूर्ण मागे ठेवून काटकी धरली. निघाली. हळूहळू कडं पुढे घेतलं. लालसर मान, बारीक चोच, आणि पाठीवर पंखांच्या मधोमध पट्ट्यापट्ट्यांची दोन डोकी. एकानं जांभई दिली. मी फोटो काढले आणि मग आठवणीनं कॅमेरा खाली घेऊन साध्या डोळ्यांनी बघितलं.

"दिसली," मी म्हणालो. माझा चष्मा धुकटला होता. तिनं पदरानं पुसून दिला.

फोटो हातभर मोठा करून घेतला. चार दिवस तो मी भिंगाखाली घालून बघत होतो. मग दुकानात अक्षरांच्या तक्त्यावर टांगला. लेकीला सांगितलं, आईला नंबर तपासायला बोलाव, आणि बेकरीवाल्यालाही त्याच वेळेला ये म्हण. लेक म्हणाली, "बाबा, तुमचं काहीतरी चाललंय." पण बोलावलं.

बायको आली तेव्हा बाकावर बेकरीवाला होता, आता केस पांढरे झालेला, आणि आणखी तिघं. मी तिला खुर्चीवर बसवलं.

"समोर काय दिसतंय?"

ती खुर्चीत जरा पुढे वाकली. "टिबुकली," ती म्हणाली. "पाठीवर पिल्लं."

मी बाकाकडे वळलो. माफीचं पाठ केलेलं सगळं विसरलो. "हिचे डोळे चांगले आहेत," मी म्हणालो. "पंधरा वर्षांपूर्वीही चांगलेच होते. हिनं हेच सांगितलं होतं आणि मी याच दुकानात सगळ्यांसमोर हिची थट्टा केली. चुकलं माझं." बेकरीवाल्यानं मान खाली घातली. त्याला आठवत असावं.

"पाठीवर पिल्लं किती?" सूर जरा हलका करावा म्हणून मी विचारलं.

"तीन."

"दोन," मी म्हणालो.

"तीन आहेत. तिसऱ्याची नुसती चोच दिसतेय. डाव्या पंखाखालून."

मी तक्त्यापाशी गेलो. चष्मा काढला, नाक कागदाला लावलं. चोच होती, शेंगदाण्याएवढी. फोटो मी काढला होता, चार दिवस भिंगाखाली घातला होता, आणि मला ती दिसली नव्हती.

बायको खुर्चीवरून उठली. खुर्ची हातानं झटकली.

"बसा," ती म्हणाली. "नंबर तपासून घ्या."

बेकरीवाल्याला पुन्हा ठसका लागला. मी बसलो, आणि लेकीनं खरंच तपासला. अर्ध्यानं वाढला होता.

घरी चालत येताना तिनं मला बंधाऱ्यावरच्या खंड्याची हकिगत सांगितली, मग एका वंचक बगळ्याची, मग कुठल्याशा वर्षी सहा अंडी घालून चारच पिल्लं निघालेल्या टिबुकलीची. पंधरा वर्षांचं साठलेलं होतं. रस्ता संपला तरी ते संपलं नाही, म्हणून आम्ही आणखी एक चक्कर मारली.