चौकातली निरगाठ

शालिकराम हमाल मेला त्याला तीन वर्षे होत आली, तरी गांधीबागेतल्या कापडबाजाराच्या त्या चौकात तो रोज यायचा. रात्रीबेरात्री नाही. भुतांनी कसे वागावे याचे लोकांचे जे ठोकताळे असतात, ते त्याने कधी पाळले नाहीत. भर दुपारी, हातगाड्या एकमेकींत अडकून शिव्यांना ऊत आलेला असताना, तो समोरच्या फुटपाथवर उभा असायचा. डोक्यावर चुंबळ, खांद्यावर पंचा आणि मान वर. चौकातल्या लोखंडी खांबाच्या टोकाकडे तो पाहत राही. मधुकररावांकडे त्याने एकदाही पाहिले नाही, आणि मधुकररावांना भीती वाटायची ती याचीच.

मधुकरराव हे त्या चौकातले लुगड्यांचे ठोक व्यापारी आणि व्यापारी मंडळाचे सेक्रेटरी. घराणे भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेले, दुकान आजोबांचे, माणूस सालस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशी माणसे वाईट करत नाहीत, हे खरे. वाईट होत असताना ती फक्त चष्मा पुसत बसतात. शालिकराम दिसतो, हे त्यांनी एकदा बायकोला सांगून पाहिले. उत्तराबाई म्हणाल्या, "अहो, पित्त झालं असेल," आणि आठवडाभर कोकमाचे सार करून घातले. पित्त गेले. शालिकराम राहिला.

झाले होते ते असे. सत्तर सालापर्यंत बाजाराचा पंधरा ऑगस्ट गल्लीच्या टोकाच्या शाळेत व्हायचा, आणि झेंडा बांधायचे काम शालिकरामचे. तो कुहीकडच्या एका खेड्यातला. त्याच्या बापाने तेवीस सालच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंग पाहिला होता, त्यामुळे हमाल असला तरी त्या एका दिवशी त्याला मान असे. पाकळ्या आत घालून तो झेंड्याची अशी घडी करी, आणि वर अशी सुरगाठ मारी, की पाहुण्याने दोरीला नुसता झटका दिला की झेंडा उलगडलाच.

एकाहत्तर साली मंडळाचे अध्यक्ष गणपतराव यांनी टूम काढली की झेंडा चौकात लावायचा. "गिऱ्हाईक चौकात येते, शाळेत येते का?" चौकात खांब होताच. बाराही महिने त्याच्यावर सेलच्या कापडी पाट्या लटकलेल्या असत. बैठकीत चहाची किटली घेऊन आलेला शालिकराम ते ऐकून दारातच थांबला.

"भाऊ, त्या खांबावर सेलची पाटी हाये. तिथं झेंडा नाही लागत."

"पाटी खाली घेऊ ना गा. झेंडा वरच राहील."

"वर-खालचा सवाल नाही हाये. झेंडा काय दुकानाची पाटी हाये? पाटी उतरवा, खांब धुवा, मंग खुशाल लावा."

पाट्यांचे भाडे मंडळाला मिळत होते. गणपतरावांचा चेहरा तांबडा झाला. "म्हणजे देशाचा झेंडा लावायले विरोध करून राहिला का तू? कुठं बोलून राहिला, समजते का?"

"विरोध मी काहून करू? पण मी त्या खांबाले हात लावणार नाही."

अकरा माणसे बसली होती. शालिकरामचे म्हणणे रास्त आहे हे त्यातल्या निदान चौघांना कळत होते, आणि मधुकरराव त्यांतले पहिले. पण ते मूग गिळून बसले आणि वहीत लिहिले, 'चर्चेअंती एकमताने ठरले.' जाताना गणपतराव त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कसंही करा, पण बांधून त्याच्याकडूनच घ्या. बाजारात बोभाटा नको."

पंधरा ऑगस्टच्या सकाळी बारीक पाऊस होता. शालिकराम दुकानात आला, हात धुतले, पंच्याला पुसले आणि गादीवर झेंडा पसरून त्याची घडी घातली. गुलाबाच्या आणि झेंडूच्या पाकळ्या आत ठेवल्या. "घडी करून देतो, भाऊ. झेंड्याचा काय गुन्हा? पण बांधणार नाही मी," म्हणाला आणि बाहेर जाऊन फुटपाथवर उभा राहिला. त्याला पुन्हा बोलवावे, समजूत घालावी, निदान गणपतरावांना खरे सांगावे, असे तीन रस्ते होते. मधुकररावांनी चौथा धरला. त्यांनी झेंडा स्वतःच बांधला, आणि गणपतरावांनी विचारले तेव्हा म्हणाले, "हो, शालिकरामनंच केलंय."

आता, चाळीस वर्षे जो माणूस लुगड्यांच्या गठाणी बांधत आला, त्याचे हात काय बांधणार? दोन वेढे, अंगठा खाली, आणि झटका. ओढाल तितकी आवळत जाणारी गाठ. मालगाडीत आदळआपट झाली तरी गठाण सुटू नये म्हणून वडिलांनी शिकवलेली. मधुकररावांचे लक्ष घड्याळाकडे होते, हातांनी आपले काम केले.

पाहुण्यांनी दोरी ओढली. झेंडा उलगडला नाही. पुन्हा ओढली, मग दोघांनी मिळून ओढली; झेंडा खालीही येईना. बँडवाल्यांनी सूर धरला आणि सोडून दिला. मागून कुणीतरी हसले. गणपतराव सगळ्यांदेखत ओरडले, "शालिकराम! काय बांधून ठेवलं बे तू?"

शालिकरामने वर पाहिले. गाठ ओळखायला त्याला एवढासाही वेळ लागला नाही, कारण आयुष्यभर त्याने तसल्याच गाठीच्या गठाणी पाठीवर वाहिल्या होत्या. मग त्याने मधुकररावांकडे पाहिले. तो थांबला होता. एक शब्द पुरला असता. मधुकररावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला.

शालिकरामने चपला काढल्या आणि ज्या खांबाला हात लावणार नाही म्हणाला होता, त्या ओल्या खांबावर तो चढला. वर पोचून एका हाताने खांब धरला, दुसऱ्या हाताने गाठ उकरू लागला. शेवटी ती त्याने दातांनी सोडवली. झेंडा उलगडला. आधी पाकळ्या खाली आल्या. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि पाठोपाठ शालिकराम आला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्याने प्राण सोडला. शुद्धीवर आलाच नाही. आठवड्याच्या आत बाजाराने ठरवून टाकले, की चौकात झेंडा लागू नये म्हणून त्याने मुद्दाम निरगाठ मारली आणि देवाने त्याला तिथल्या तिथे शिक्षा दिली. मेलेल्याच्या नावावर काहीही खपते. मंडळाने ठराव केला, 'हमाल शालिकराम याने हेतुपुरस्सर ध्वजाचा अवमान केला, मंडळ निषेध करते.' ठरावाखाली सेक्रेटरीची सही असते. ती मधुकररावांनी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी, हातगाड्यांच्या गर्दीत, त्यांना समोरच्या फुटपाथवर शालिकरामची चुंबळ दिसली.

तेव्हापासून त्यांच्या हातून गठाण बांधली गेली नाही. सुतळी हातात घेतली की बोटांत गारठा भरे. "वय झालं," असे सांगून त्यांनी ते काम नोकरांवर सोपवले. जेवताना हात थांबे, देवापुढे थांबे. सगळ्यात वाईट म्हणजे चौकातून जाता जाता त्यांचीही मान वर जाऊ लागली. खांबाच्या टोकाला काय दिसते म्हणून आजूबाजूची माणसेही वर पाहत. तिथे काहीच नसे, आणि मधुकरराव मान खाली घालून पाय उचलत.

चौऱ्याहत्तरच्या जुलैत शालिकरामची बायको सुभद्रा दुकानात आली. कुहीच्या मोटारीने आली होती, पायाला चिखल होता. गादीवर बसली नाही, खालीच बसली.

"भाऊ, तुमी सेक्रेटरी हाये म्हून आली. आमच्या मानसाची गाठ चुकली, मान्य हाये मले. पन मुद्दाम नाई केलं हो त्यानं. ज्याचा बाप झेंड्यापायी जेलात गेला, थो असं काहून करन?"

ही बाई भांडायला आली नव्हती. नवऱ्याची चूक कबूल करायला आली होती.

"गावच्या शाळेत झेंडा लागे, तवा सासऱ्याच्या नावानं आमच्या घरी बोलावनं येई. मले खुर्ची देत. तीन साल झाले, बोलावनं बंद. नातीले पोरी म्हनते, तुह्या आज्यानं झेंडा बांधून ठेवला. ते रडत येते घरी. येक कागद द्या, भाऊ, मंडळाच्या शिक्क्याचा. चूक झाली, पन मुद्दाम नाई केली, येवढंच लिवा."

समोर फुटपाथवर शालिकराम उभा होता, मान वर करून. स्वतःच्या बायकोकडेही तो पाहत नव्हता. मधुकररावांनी तिकडून नजर काढून तिच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "पंधरा ऑगस्टला चौकात या, सुभद्राबाई. मी सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगू नका, भाऊ. सांगतलेलं हवेत जाते. कागद द्या."

"कागदही देतो," ते म्हणाले. त्या रात्री त्यांना तीन वर्षांत पहिल्यांदा झोप लागली.

पंधरा ऑगस्टला चौक भरला होता. झेंडा चढवण्याआधी मधुकररावांनी माइक मागून घेतला. बोलले ते स्वच्छ. "एकाहत्तर साली ती गाठ शालिकरामनं बांधली नव्हती. मी बांधली होती. गठाणीची गाठ होती ती. त्यानं वर पाहून ओळखली, माझ्याकडे पाहिलं, आणि मी गप्प बसलो. तो माझ्यामुळे मेला. झेंड्याचा अवमान केला असेल तर तो मी केला."

मधुकररावांनी फुटपाथकडे पाहिले. शालिकरामची मान हळूहळू खाली येत होती. खांबावरून, पाट्यांवरून, लोकांच्या डोक्यांवरून त्याची नजर खाली उतरली आणि मधुकररावांपर्यंत यायला हातभर राहिली.

तेवढ्यात गणपतरावांनी माइक ओढला. त्यांचे डोळे खरेच भरून आले होते. "पाहा! याले म्हणतात दिल! एका मेलेल्या हमालाच्या बायकोची दया आली, तर त्याचा गुन्हा आपल्या डोक्यावर घेऊन राहिले मधुकरराव! असा माणूस आपल्या बाजारात आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"गणपतराव, मी खरं सांगून राहिलो!" मधुकरराव ओरडले. टाळ्या आणखी वाढल्या. कुणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला. हाराआडून त्यांनी पाहिले. शालिकरामची मान पुन्हा वर गेली होती.

झेंडावंदन आटोपल्यावर मंडळ मधुकररावांच्या दुकानात बसले. गणपतरावांनी स्वतः मसुदा सांगितला, 'हमाल शालिकराम याच्या हातून झालेली चूक मुद्दाम नव्हती असे आढळल्यावरून, सेक्रेटरींच्या विनंतीस मान देऊन मंडळ त्याला मोठ्या मनाने माफ करीत आहे.' कुणीतरी टाइप केले, शिक्का उमटला. सहीची जागा तेवढी मोकळी होती.

"मी यावर सही करणार नाही," मधुकरराव म्हणाले. "माफी कसली? त्यानं केलंच काय?"

मंडळी कौतुकाने हसली. सुभद्रा दाराशी उभी होती, ती पुढे आली. "भाऊ, सही करा ना."

"सुभद्राबाई, तुम्ही तरी ऐका. गाठ खरंच मी बांधली होती. मी वेगळा कागद लिहून देतो, माझ्या सहीचा."

"त्याच्यावर शिक्का राहीन का?"

"शिक्का मंडळ देणार नाही."

"मंग गावच्या शाळेचे गुरुजी नाई मानत." आजारी माणसाशी बोलावे तशी ती हळू आवाजात बोलत होती. "तुमी लई केलं आमच्यासाठी. आपल्या अंगावर घेतलं. तुमाले खोट्याचं पाप नाई लागत. पन आता सही करा, भाऊ. चारची मोटार गेली त मले रात इथंच काढा लागन."

"तुम्हालाही खोटं वाटतं?"

"तुमच्यासारख्या मानसाच्या हातून असं होईन का?" ती म्हणाली.

मधुकररावांनी गणपतरावांकडे पाहिले, बाकीच्या नऊ जणांकडे पाहिले. सही केली नाही तर खरे कुणाला पटणार नव्हते, आणि ही बाई रिकाम्या हाताने जाणार होती. नातीला पोरी चिडवत राहणार होत्या. सही केली तर शालिकराम कायमचा गुन्हेगार ठरणार होता, फक्त माफ केलेला. त्यांनी पेन उचलले. बोटांत तोच गारठा होता. त्यांनी सही केली.

सुभद्राने कागद दोन्ही हातांत घेतला, उलटा-सुलटा पाहिला, आणि परत त्यांच्यापुढे धरला. "मले वाचता नाई येत. येकदा वाचून दाखवा, भाऊ."

मधुकररावांनी वाचला. 'चूक' या शब्दाला तिने मान हलवली. 'मुद्दाम नव्हती' याला तिने पदराने डोळे पुसले. 'माफ करीत आहे' इथे ते अडखळले, तेव्हा ती म्हणाली, "वाचा ना," आणि त्यांनी तेही वाचले.

मग तिने कागद कमरेला खोचला आणि गादीवर बसलेल्या एकेकाला वाकून नमस्कार केला. गणपतरावांना केला, बाकीच्यांना केला, आणि सगळ्यांत शेवटी, कपाळ जमिनीला टेकवून, मधुकररावांना.