सगळे धोके एकाच नावावर

मानवजातीने आजवर जे जे भव्य उभारलं, ते ते भीतीपोटी उभारलं. पुराची भीती वाटली म्हणून बांध आले, चोराची वाटली म्हणून दारं आली, अंधाराची वाटली म्हणून दिवे आले. शूर माणसं नेहमी मागाहून आली आणि फक्त फीत कापून गेली.

हा सिद्धान्त रुग्णालयाच्या लाँड्रीप्रमुखाने तळघरातल्या संडासात, आतून कडी लावून मांडला. तो तिथे बराच वेळ होता. कारण अधीक्षक मॅडमनी नुकतंच सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की लाँड्री नव्या इमारतीत हलवायची आहे आणि या प्रकल्पाचा प्रमुख तोच.

बाहेरून इस्त्रीवाल्या मावशींनी दार वाजवलं.

"साहेब, मॅडम विचारतायत, आनंद झाला का?"

"झाला म्हणावं," आतून बारीक आवाज आला.

लाँड्री हलवणं म्हणजे चार बादल्या उचलून पलीकडे ठेवणं नव्हे. रुग्णालयात लोक डॉक्टरांना मान देतात, पण हिरव्या चादरी धुऊन, निर्जंतुक होऊन, गाठोडी बांधून वर पोचल्या नाहीत तर डॉक्टर नुसतेच हात धुऊन उभे राहतात. मॅडमचा हुकूम असा की रविवारी यंत्रं हलवायची आणि सोमवारी सकाळी, काही झालंच नाही अशा थाटात, पहिलं ऑपरेशन सुरू व्हायला हवं.

त्या सोमवारच्या पहिल्या ऑपरेशनचा पेशंट कोण, हे त्याने थिएटरबाहेरच्या फळ्यावर वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. त्याची थोरली बहीण. पित्ताशयातले खडे.

लाँड्री हलवायची तारीख बदला, एवढं मॅडमना सांगायचं. तो त्यांच्या केबिनपर्यंत गेलासुद्धा. दारावरची पाटी नीट वाचली, पायपुसणं सरळ केलं आणि परत आला.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. या ताईने त्याला वाढवला होता. गल्लीतल्या कुत्र्याच्या बाजूने स्वतः चालून याला भिंतीच्या बाजूने नेणारी, झोपताना पलंगाखाली वाकून "कोणी नाही रे, नुसती चप्पल आहे" असं सांगणारी. तिनेच त्याचं नाव 'सशा' पाडलं होतं आणि तो प्रमुख झाला तरी ते बदललं नव्हतं.

ताई पिशवी भरत होती. टॉवेल आत ठेवायची, बाहेर काढायची, पुन्हा आत ठेवायची.

"सशा, सोमवारी तू असशील ना रे तिथे?"

"असणारच. मीच तर लाँड्री हलवतोय."

"म्हणूनच विचारलं," ताई म्हणाली आणि हसायला गेली, पण ते हसू अर्ध्यात थांबलं. तिने त्याचा हात धरला. तिचा हात गार होता.

ताईला भीती वाटू शकते ही गोष्ट त्याच्या हिशेबातच नव्हती. घरी जाताना गल्लीतलं कुत्रं दिसलं, तर आज तेच त्याला जरा आधाराचं वाटलं.

मॅडमनी त्याला प्रकल्प व्यवस्थापनाच्या मूलभूत प्रशिक्षणाला पाठवलं. प्रशिक्षक हसतमुख, अंगाने गुबगुबीत, आणि फळ्यावर लिहिताना सारखा मागे वळून वर्ग पळून तर गेला नाही ना हे बघणारा. त्याने शिकवलं ते लाँड्रीप्रमुखाला चांगलंच समजलं. काम नेमकं कुठून कुठवर ते आधी ठरवा. 'झालं' कशाला म्हणायचं ते ठरवा; यंत्र जागेवर बसलं म्हणजे झालं नव्हे, त्यातून चादर स्वच्छ निघाली म्हणजे झालं. कोणतं काम कोणत्या कामावाचून अडून बसतं ते शोधा. हे शोधता शोधता त्याला कळलं की बॉयलरवाचून वाफ नाही, वाफेवाचून चादर नाही आणि चादरीवाचून ताई नाही. त्याने पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाने पिवळ्या चिकटचिठ्ठ्या वाटल्या. "काय काय बिघडू शकतं? एकेका चिठ्ठीवर एकेक धोका. लाजू नका."

बाकीच्यांनी दोन-तीन चिठ्ठ्या लिहिल्या आणि ते चहाच्या दिशेने बघू लागले. लाँड्रीप्रमुख मात्र सुटला. बॉयलर पेटला नाही तर. पेटला आणि थांबला नाही तर. गाठोडी ओली राहिली तर. किल्ली हरवली तर. लिफ्ट बंद पडली तर. मावशी रुसल्या तर. त्याच्या वाट्याची भिंत पिवळी झाली, मग शेजारच्याची झाली. जन्मभर ज्या गुणाबद्दल त्याची चेष्टा झाली, त्याला इथे शास्त्राचा दर्जा होता.

"वा!" प्रशिक्षक हरखून म्हणाला. "बघा, याला म्हणतात तयारी! आता फक्त एकच काम. प्रत्येक चिठ्ठीवर नाव घाला. हा धोका कोण सांभाळणार? ज्या चिठ्ठीवर नाव नाही, ती कोणाचीच नाही."

बॉयलरच्या चिठ्ठीवर बॉयलरवाल्याचं नाव घालायला त्याने पेन टेकवलं. मग त्याच्या डोळ्यांसमोर बॉयलरवाल्याच्या भुवया आल्या. त्याला हे सांगावं लागणार. तो म्हणणार, "मलाच का?" मग काय उत्तर द्यायचं? किल्लीच्या चिठ्ठीवर थिएटरच्या सिस्टरचं नाव? त्या तर नमस्कारसुद्धा धारदार करतात. त्याने घाम पुसला आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिलं. स्वतःचं.

लोकांना काम सांगायची भीती. एवढी एकच चिठ्ठी त्याने लिहिली नव्हती.

रविवार कसा पार पडला हे त्याचं त्यालाच ठाऊक. यंत्रं हलली, नळ जोडले गेले, बॉयलरवाला चिडला नाही. "मला विचारल्याशिवाय कोणी कशालाही हात लावायचा नाही," असं लाँड्रीप्रमुखाने सगळ्यांना सांगितलं होतं. थिएटरशेजारच्या कपाटात हिरव्या चादरींची जादा गाठोडी ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्याच खिशात पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. तो अधूनमधून खिसा चाचपे.

सोमवारी सकाळी ताईला चाकाच्या खुर्चीवरून नेताना तिने वळून त्याला शोधलं. त्याने हात हलवला. दोघांनीही धीट चेहरा केला आणि दोघांनाही तो जमला नाही.

मग शनिवारीच तयार करून ठेवलेल्या आजच्या गाठोड्यांची ढकलगाडी त्याने स्वतः लिफ्टमध्ये घेतली, कारण ती चिठ्ठी त्याच्या नावावर होती. लिफ्ट निघाली, अंमळ विचारात पडली आणि दोन मजल्यांच्या मधे थांबली.

त्याने बटण दाबलं. सगळी बटणं दाबली. आधी हळू, मग जोरात, मग लाडीगोडीने. त्याची पाचावर धारण बसली. "अहो!" तो ओरडला, पण आवाज पेटीतल्या पेटीत फिरून त्याच्याकडेच आला. फोनला रेंज नव्हती. भिंती जवळ सरकतायत असं वाटून तो गाडीला बिलगला. वर, अगदी डोक्यावर, ताई झोपून चादरींची वाट बघत होती. त्या चादरी याच्या कुशीत होत्या.

बऱ्याच वेळाने वरच्या बाजूला खडखड झाली. मावशींनी यंत्रातून कपडे काढायचा आकडा घालून बाहेरचं दार जरासं सरकवलं होतं. हाताचा पंजा जेमतेम जाईल एवढ्या फटीतून एक डोळा दिसला.

"साहेब, आत काय करताय?"

"अडकलोय, मावशी!"

"मग बाहेर कधी येणार?"

एवढ्यात दुसरा डोळा आला. थिएटरच्या सिस्टर.

"चादरी कुठे आहेत? डॉक्टर उभे आहेत."

"इथेच आहेत. माझ्याबरोबर."

"मग द्या."

"फट लहान आहे, सिस्टर. उलगडून एकेक सरकवतो..."

"उलगडलेली, त्या दाराला पुसलेली चादर मी थिएटरमध्ये घेईन असं वाटतं तुम्हाला? पेशंट घाबरलीय हो. भाऊ कुठाय, भाऊ कुठाय, करतेय सारखी. डॉक्टर म्हणतायत, पुढे ढकलू."

पुढे ढकलू. म्हणजे ताईने तो टॉवेल पुन्हा बाहेर काढायचा, पुन्हा आत ठेवायचा. आणि तेवढ्यात त्या खड्यांनी काही केलं तर? भीती जराही कमी झालेली नव्हती. उलट एवढी झाली होती, की कोणाच्याही भुवयांना त्यात जागाच उरली नाही. त्याने खिशातून गठ्ठा काढला.

"सिस्टर, ही कपाटाची किल्ली. जादा गाठोडी तिथे आहेत. आता हे तुम्ही सांभाळा." आणि किल्लीबरोबर चिठ्ठीही फटीतून वर दिली.

"हे आधी द्यायला काय झालं होतं?" म्हणत सिस्टर धावल्यासुद्धा.

"मावशी, बॉयलरवाल्याला म्हणावं, पेटव."

"तो कधीचा काडीपेटी घेऊन बसलाय. म्हणतो, साहेबांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"आता विचारू नको म्हणावं. ही त्याची चिठ्ठी. आणि दुपारच्या चादरींच्या इस्त्रीचं तुम्ही बघा. ही तुमची. ही पण तुमची."

मावशींनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. "'मावशी रुसल्या तर.' ही मीच सांभाळू?"

"दुसरं कोण सांभाळणार?"

"तेही खरंच," म्हणत मावशी गेल्या.

एकेक माणूस फटीशी येत गेला आणि एकेक धोका घेऊन गेला. कोणीही "मलाच का?" म्हटलं नाही. शेवटी त्याच्या हातात एकच चिठ्ठी राहिली. 'लिफ्ट बंद पडली तर.' ती कोणाला द्यावी या विचारात तो मान वर करतो तो फटीत कोणीच नव्हतं. सगळे कामाला लागले होते.

तो गाडीच्या चाकाशी बसला. पलंगाखाली वाकून बघणारं आज कोणी नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच गाडीखाली वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. तो वर होणाऱ्या प्रत्येक आवाजाला दचकत होता आणि आवाज थांबला की जास्त दचकत होता.

कितीतरी वेळाने मावशींचा डोळा आला.

"झालं बरं का ऑपरेशन. छान झालं. शुद्धीवर आल्यात. विचारत होत्या, सशा घाबरला नाही ना? मी म्हटलं, छे, साहेब मजेत बसलेत."

त्याने हिरव्या गाठोड्यात तोंड खुपसलं आणि निर्जंतुक कापडाची वाट लावली.

थोड्याच वेळात अधीक्षक मॅडम फटीशी आल्या. फटीतून डोळा दिसत नसून चष्म्याची एकच काच दिसत होती, तरी भाषण पूर्ण होतं.

"अभिनंदन! एकही ऑपरेशन रद्द नाही, बॉयलर उत्तम, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाला आपलं काम माहीत! प्रमुख जागेवर नसतानाही काम चालतं, हेच तर व्यवस्थापन! मी तर म्हणते, हे सगळ्या विभागांना शिकवायला हवं, आणि ते तुम्हीच शिकवा. काय म्हणता?"

लाँड्रीप्रमुख उठून उभा राहिला. घामाने भिजलेली शेवटची पिवळी चिठ्ठी त्याने हात उंच करून फटीतून वर सरकवली.

"मॅडम, शिकवतो. फक्त त्याआधी लिफ्टवाल्याला कोणी कळवलंय का, तेवढं बघता? जरा लवकर. मला संडासला जायचंय."