शुभेच्छुकांच्या ओझ्याखाली

मी एक जुनी वेबसाइट आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

मित्रांनो, माझा जन्म घाटनांदूरचा. फळविक्रेते कासमभाई यांची मुलगी अदिबा हिने मला शेळ्या-बोकडांच्या खरेदी-विक्रीसाठी घडवले. जनावराचा फोटो, वय कळावे म्हणून त्याचे दात किती आणि मालकाचा फोन नंबर, एवढाच माझा संसार. साध्या फोनवरही मी चुटकीसरशी उघडत असे. लोक अदिबाची पाठ थोपटत, तेव्हा मला फार आनंद होई.

पण आपल्याकडे कौतुक म्हणजे बॅनर! व्यापाऱ्यांचे पुढारी बंकटराव यांनी माझ्या पहिल्याच पानावर स्वतःचा गॉगल घातलेला फोटो लावून घेतला. खाली 'शुभेच्छुक' म्हणून त्यांचे मेहुणे, मित्र आणि मित्रांचे मेहुणे. सगळे फोटो मोठाले. एवढ्या मंडळींना खांद्यावर घेऊन माळावरच्या कमी रेंजमध्ये मी धावायचे तरी कसे? मी अडकू लागले. "लई स्लो हाय ही," असे लोक म्हणत आणि माझा संताप होई. लादले कुणी आणि नावे कुणाला?

बकरी ईद जवळ आली. दिवसभर माळावर शेळ्या चारणाऱ्या साखराबाईंना त्यांचे बोकड विकायचे होते. मी उघडेना, त्यामुळे नोंद होईना. ईद निघून गेली की तसे गिऱ्हाईक पुन्हा वर्षभर मिळणार नव्हते.

"हिला बंद कर. ॲप काढू, चकाचक!" बंकटराव म्हणाले.

अदिबा ॲप घेऊन माळावर गेली. साखराबाईंच्या फोनमध्ये जागाच नव्हती.

"मावशी, हा व्हिडिओ काढून टाकू का?"

"पोरीच्या लग्नाचा हाय त्यो! न्हाई काढू द्यायची."

ॲपचा विषय तिथेच संपला. मग अदिबाने झटपट उघडणारी सडपातळ पाने करून पाहिली. ती भरकन उघडली, पण त्यांत नोंद भरायची सोय काही बसेना. शेवटी तिने मलाच नवी सवय लावली. एकदा उघडले की मी गरजेपुरती फोनमध्येच मुक्काम करायचा, रेंज नसली तरी नोंद जपायची आणि रेंज आली की पाठवायची. त्यासाठी अंग मात्र हलके हवे होते.

"काका, बॅनरचे फोटो काढून टाकावे लागतेल," अदिबा बंकटरावांना म्हणाली.

"माझा फोटो कावून काढतीस?"

"तुमचा फोटो उघडंपर्यंत मावशीचे बोकड तसेच राहतेत."

"मग बाजारातला एकबी व्यापारी हिच्याकडं बघणार न्हाई!" असे बजावून बंकटराव तणतणत गेले. अदिबाने शुभेच्छुकांसकट बॅनरवरचा एकूण एक फोटो उतरवला. मी मोकळा श्वास घेतला.

साखराबाईंनी सकाळी घरी मला उघडले आणि माळावर बसून बोकडांची नोंद केली. रेंजचा पत्ता नव्हता. मी नोंद घट्ट धरून बसले. संध्याकाळी शेळ्या सडकेला लागताच रेंज आली आणि मी ती पाठवून दिली. घरी पोचण्याआधीच साखराबाईंचा फोन वाजला.

"मावशी, बंकट बोलतोय. बोकड दुसऱ्या कुणाला दिऊ नका, मी निघालोय."

मित्रांनो, मला सजवू नका, सांभाळा. मी शोभेसाठी जन्मले नाही. माझ्यावर ओझे लादून मला म्हातारी म्हणाल, तर ते मी मुळीच ऐकून घेणार नाही.