झुंदलची शपथ

माझा भाऊ इत्सिक न्हाणीघराच्या माळ्यावर लपला होता. झारच्या सैन्यासाठी पोरं पकडणाऱ्यांना ते झुंदल खाटिकाने सांगितलं आणि इत्सिकच्या बदल्यात आपला मुलगा वाचवला. आईला हे ठाऊक होतं. झुंदल मात्र हसून नाही म्हणायचा.

आम्हा यहुद्यांत अन्याय झालेल्या माणसाला प्रार्थनागृहातलं तोराचं, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचं, वाचन अडवता येतं. एका सोमवारी सकाळी आई मला घेऊन थेट पुरुषांत शिरली आणि वाचनाच्या मेजापुढे उभी राहिली.

"अगं द्वोशे, लोकांना कामं आहेत," रब्बी म्हणाले.

"झुंदलने तोरा कवेत घेऊन म्हणावं, मी सांगितलं नाही. लगेच जाते."

"जा की रे," मागून कुणी तरी म्हणालं. "हाडं मांसाच्या भावाने विकताना रोज शपथा घेतोस."

लोक हसले. झुंदलही हसत पुढे आला. त्याने हात पुढे केले, पण तोराजवळ येताच मागे घेतले. माणसांशी खुशाल खोटं बोलणाऱ्याची इथे जीभ उचलेना. तो खालीच बसला.

"द्वोशे, मला माफ कर. देवाची भीती वाटते गं."

"वाटू दे. माणसाचा अपराध त्या माणसाने माफ केल्याशिवाय देवही करत नाही. आणि मी करणार नाही."

मग ती रब्बींना म्हणाली, "आता वाचा."

झुंदल पुढे पुष्कळ जगला. दर वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवसाआधी तो माफी मागायला आमच्या दाराशी यायचा. आई त्याचं सगळं रडणं शांतपणे ऐकून घ्यायची आणि दार लावून घ्यायची.