पुस्तकात लिहिलेलं तेल

पादरा गावातल्या शाळेत शिकवून घरी परतताना पुलाच्या चढावर पद्माताईंच्या गाडीचं इंजिन एकदम ओरडलं, पण गाडी काही पुढे सरकेना. मग मागून कुणी ढकलावं तसा गचका बसला आणि तिसरा गिअर पडला. मीटरवर एक लाख ब्याण्णव हजार किलोमीटर झाले होते.

लहानपणच्या पोलिओने पद्माताईंचा डावा पाय अधू झाला होता. क्लच दाबणं शक्यच नव्हतं, म्हणून ही ऑटोमॅटिक गाडी. त्याआधी रमाकांतराव त्यांना शाळेत सोडायचे आणि न्यायला यायचे. नवरा मनाने चांगला, पण वेळेचा कच्चा. शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर रोज तासभर त्यांची वाट बघणं पद्माताई विसरल्या नव्हत्या.

"विकून टाक," रमाकांतराव जेवताना म्हणाले. "मी सोडत जाईन की पूर्वीसारखा."

पद्माताईंनी त्यांना आमटी वाढली.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या गिअरबॉक्सचं तेल बघायला गाड्यांच्या तेलाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने लाल तेलाचा डबा पुढे केला. "बेन, आ तो बधामां चाले. जूनी गाडी माटे खास छे." डब्यावरही तेच छापलं होतं, सगळ्या गाड्यांत चालतं, जास्त चाललेल्या गाड्यांसाठी खास. पद्माताईंनी लेबलाचा फोटो काढला आणि घरी येऊन गाडीचं पुस्तक उघडलं. पुस्तकातला तेलाचा नंबर आणि डब्यावरचा नंबर जवळजवळ सारखेच होते. फक्त शेवटचं अक्षर वेगळं. तीस वर्षं गणिताचे पेपर तपासलेल्या बाईला ते अक्षर सोडून देता येईना.

सोमवारी सुट्टी होती. घराजवळ, कारेलीबागेतच धनाजीरावांचं गॅरेज होतं. त्यांचे आजोबा संस्थानच्या पागेत होते, वडील लॉरी दुरुस्त करायचे, आणि ते स्वतः चाळीस वर्षं मोटारींखाली झोपून काम करत आले होते. त्यांनी गिअरबॉक्समधली तेल मोजायची डिपस्टिक ओढून पांढऱ्या कागदावर टेकवली. डाग चहाच्या गाळासारखा उमटला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"करपलंय. शेवटचं कधी बदललंत?"

"कधीच नाही, काका. गाडी विकणारा म्हणाला होता, हे तेल आयुष्यभराचं असतं."

"कुणाच्या आयुष्यभराचं ते नाही विचारलंत?" धनाजीरावांनी कागद चुरगळला. "ताई, मी याला हात लावत नाही. दुसरीकडे दाखवा."

"का?"

धनाजीरावांनी हात पुसले. "करजणच्या एका डॉक्टरांची अशीच गाडी होती. मी मशीन लावून सगळं जुनं तेल दाबाने बाहेर काढलं, नवं भरलं. चौथ्या दिवशी गाडी जागची हलेना. मी त्यांना ठासून सांगितलं, तुमचा गिअरबॉक्स आधीच गेला होता."

"गेला होता?"

"अर्धा गेला असेल. नक्की मलाही माहीत नव्हतं. पण सांगताना मी माहीत असल्यासारखं सांगितलं. ते स्वभावाने गरीब माणूस, त्यांनी ते खरं मानलं."

पद्माताईंनी पर्समधून पुस्तकातल्या तेलाचा नंबर लिहिलेला कागद काढला. "मग तुम्हाला जे नक्की माहीत नाही, तेही मला सांगा. ठरवीन मी."

धनाजीरावांनी स्टूल पुढे सरकवलं. मशीन लावायचं नाही, दाबाने आतला गाळ सुटून कुठेतरी अडकतो, ते म्हणाले. खालचा नट काढून आपोआप गळेल तेवढंच तेल काढायचं, मोजायचं आणि तेवढंच नवं भरायचं, पुस्तकात लिहिलेलंच. पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा तेच. असं तीनदा. "पण आधी चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं तबक, उघडतो. आतल्या लोहचुंबकावर बारीक पूड असेल तर ठीक. तुकडे निघाले तर कुठलंही तेल घाला, उपयोग नाही. आणि एवढं करूनही गिअर घसरणार नाही, असा शब्द मी देत नाही."

"करा," पद्माताई म्हणाल्या.

तेल मागवावं लागलं, चार दिवस गेले. शुक्रवारी शाळेतून त्या थेट गॅरेजमध्ये आल्या. धनाजीरावांनी चेंबर खाली उतरवून लोहचुंबक त्यांच्या समोर धरला. त्यावर करडा लेप होता. पद्माताईंनी बोटाने तो चोळून पाहिला. काजळीसारखा मऊ लागला. काहीच टोचलं नाही. त्यांनी पुन्हा चोळला.

"पूडच आहे," धनाजीराव म्हणाले आणि हसले.

पावणेचार लिटर निघालं, पावणेचारच भरलं. इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर फिरवून त्यांनी पातळी दोनदा पाहिली. पहिल्या वेळी फारसा फरक पडला नाही, आणि पद्माताईंची रात्रीची झोप उडाली. दुसऱ्या वेळेनंतर गचका कमी झाला. तिसऱ्यानंतर चढावरची ओरड थांबली. सकाळी गाडी गार असताना मात्र तिसरा गिअर अजून क्षणभर रेंगाळायचा, ते तसंच राहिलं.

एका रविवारी रमाकांतराव शेजारी बसून पादरा गावापर्यंत आले. पुलावर त्यांनी कान टवकारले.

"बरी चाललीय की," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत बघू, मग विकायचं ठरवू."

"दिवाळीनंतर शाळेचं दुसरं सत्र असतं," पद्माताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या ट्रॅक्टरला मागे टाकलं.