पुढचा घाव

"दगड जोडून संपला? इतक्यात?" ती स्वतःशीच म्हणाली आणि टेबलावरचा दिवा जवळ ओढला.

संशोधन केंद्रात तिला सगळे जोडणीबाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला ठोकेमास्तर. मागच्या शेडमध्ये तो आदिमानवासारखी दगडावर दगड हाणून हत्यारं घडवायचा. उडालेले छिलके ती गोळा करायची आणि एकेक जुळवत अख्खा दगड पुन्हा उभा करायची. कुठला घाव आधी पडला, कुठला नंतर, हे त्यातून कळतं आणि घडवणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं तेही. "हा फोडतो, ही जोडते, संसार म्हणजे दुसरं काय असतं!" असं केंद्रातले लोक चेष्टेनं म्हणत. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते, तरी ती हसायची.

आज हसू येत नव्हतं. एका कामात मास्तरांचा हातखंडा होता. आधी दगडाच्या कडा चहूबाजूंनी उडवायच्या, मग पाठ कासवासारखी फुगीर करायची, मग टोकाशी घाव बसायची जागा घासून घ्यायची आणि शेवटी एकच घाव. पानासारखा पातळ, धारदार छिलका अलगद सुटायचा. आधीचे सगळे घाव त्या एका घावासाठी. इतका पुढचा विचार करायला माणसाच्या जातीला लाखो वर्षं लागली, असं केंद्राचे सर येईल त्या पाहुण्याला सांगत.

आजच्या दगडात ती तयारी नव्हतीच. हात तोच, जोर तोच, पण मागच्या घावाला पुढच्याचा पत्ता नव्हता. तिनं जुने ट्रे काढून शेजारी शेजारी मांडले. गेल्या वर्षीचे ते पातळ छिलके. त्यानंतरच्या हातकुऱ्हाडी, एका अंगाला कललेल्या. आणि आता नुसत्या कपच्या, माणसानं अगदी सुरुवातीला काढल्या होत्या तशा. बाहेरच्या काचेच्या कपाटांत हेच सगळं उलट्या क्रमानं मांडलेलं होतं.

घरातलं एकेक आठवू लागलं. आधी दाराला कुलूप, मग चपला आत राहिल्याचं लक्षात येणं. पेटत्या गॅसवर रिकामं भांडं. साठी बुद्धी नाठी म्हणून दोघं हसलीसुद्धा होती.

आणि उद्या सर त्याला तारांची टोपी घालणार होते. दगड घडवताना मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते पडद्यावर दिसणार होतं, सगळ्यांच्या देखत. उद्या काय दिसेल या विचारानं तिला बसवेना. ती उठून शेडमध्ये गेली.

तो नव्या दगडासमोर बसला होता.

"काय करताय?"

"बघतोय. दगडच भिकार येतायत हल्ली."

"दगडाला काय झालंय? आधी कडा घ्या बघू."

"आता तू शिकवणार मला?"

"शिकवत नाही हो. आपली बोलतेय. घ्या ना."

त्यानं हातातला गोटा उचलला. तिनं जन्मात कधी दगड फोडला नव्हता. तिला ठाऊक होतं ते जोडण्यावरून, शेवटाकडून सुरुवातीकडे. ते मनातल्या मनात उलटं करत ती सांगू लागली, "इथे. आता फिरवा. अजून जरा. आता पाठ घ्या."

घाव अचूक बसत होते. तिच्या दोन शब्दांच्या मध्ये मात्र त्याचा हात हवेत थांबायचा. एकदा ती मुद्दाम गप्प राहिली. हात तसाच वर राहिला, डोळे दगडावर, आणि तो नुसता वाट पाहत होता. तिला ते बघवेना.

"टोक घासा," ती घाईघाईनं म्हणाली. "हं. आता हाणा."

छिलका सुटला. पूर्वीसारखाच, पानासारखा. तिला आनंदानं रडू फुटलं. उद्या त्याच्या पाठीमागे उभं राहायचं, हळूच सांगत जायचं. कोणाला काय कळतंय, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

त्यानं छिलका उजेडात धरला, उलटसुलट केला. चेहरा खुलला.

"वा! कुणी काढलाय हा?"

"आहेत एक मास्तर," ती कशीबशी म्हणाली.

"हात चांगला आहे त्यांचा." त्यानं छिलका जपून फडक्यावर ठेवला. "सरांना सांग, उद्या ती टोपी त्यांनाच घाला. मला नाही गं जमत आता. दगड हातात घेतो आणि पुढचं काही दिसतच नाही. कुणाला बोललो नव्हतो."

मग त्यानं मांडीवर अंथरलेलं जाड चामडं उचललं, दाराबाहेर जाऊन झटकलं, त्याची घडी केली आणि तिच्यापुढे धरली.

"हे दे त्यांना," तो म्हणाला. "कपची मांडीत घुसली की फार दुखतं."