लोह अंगी लागेना

बाबांचं औषधांचं दुकान होतं आणि त्यांच्याच मुलीच्या अंगात रक्त नव्हतं. हे त्यांच्या फार जिव्हारी लागायचं. लोहाच्या गोळ्या ते स्वतः निवडून आणत. वर्ष होत आलं, तरी तिचं हिमोग्लोबिन वर सरकेना. ती बालवाडीत शिकवायची. एक जिना चढली की कठडा धरून उभी राहायची.

"टाकून देतेस तू गोळ्या."

"घेते हो बाबा. रोज घेते."

एका दुपारी ते थेट बालवाडीत जाऊन थडकले. इतर शिक्षिकांदेखत, मुलांदेखत तिच्या हातावर गोळी ठेवली. "गिळ. आता आ कर. जीभ वर घे." तिने आ केला. मुलांना वाटलं खेळच आहे. सगळ्यांनी तोंडं उघडली. ती त्यांच्याबरोबर हसली, पण बाबांकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

शेवटी पोटाच्या डॉक्टरबाईंनी दुर्बिणीने तपासलं, जनुकांची चाचणी करवली आणि बापलेकीला समोर बसवलं.

"जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारा एक पंप असतो. तो कसा घडवायचा, हे एक जनुक सांगतं. हिच्यात त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. एक आईकडून आली, एक तुमच्याकडून. तुम्हा दोघांची दुसरी प्रत चांगली, म्हणून तुम्हाला काही झालं नाही. हिच्या पोटात आम्लच सुटत नाही. आणि आम्लाशिवाय गोळ्यांतलं लोह अंगी लागणार कसं?"

बाबांनी मान खाली घातली.

"अशा वेळी घरचेच संशय घेतात," डॉक्टरबाई सहज म्हणाल्या. "तुला कुणी बोललं नाही ना?"

"नाही. घरच्यांनी सांभाळून घेतलं."

तिने चारचौघांत थोबाडीत मारली असती, तर बाबांना ते सोसलं असतं.

जिन्यात त्यांनी विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"परक्यांसमोर आपल्या माणसाचा पाणउतारा करू नये, बाबा," ती म्हणाली, आणि शिरेतून लोह देण्याची तारीख विचारायला खालच्या नोंदणीच्या खिडकीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते बालवाडीत गेले. मुख्य बाई दारातच भेटल्या.

"त्या दिवशी मी... माझी मुलगी खोटं बोलत नव्हती. दोष माझ्याकडूनच गेलाय तिच्यात."

"ती खोटं बोलते असं आम्हाला कधी वाटलंच नाही," बाई म्हणाल्या. "बोलावू तिला?"

"नको. मी आलो होतो हेही सांगू नका." ते फाटकापर्यंत गेले आणि परत वळले. "नाही, सांगा तिला," म्हणाले, आणि व्हरांड्यातल्या मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले.